एक काप, एक घडी : लोखंडाच्या मुलुखात नऊ दिवस

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप 41 वर्षं चाललं. शाळेतून आले की दप्तर ऑफिसात टाकून मी शिअरिंग मशीनपाशी जाऊन उभी राहायची. पत्रा कापला जाताना येणारा 'खच्च' आवाज मला अजून आवडतो. बाबांनी तीन वर्षांपूर्वी वर्कशॉप बंद केलं. त्यानंतर ते घरात असूनही घरात नसल्यासारखे झाले होते.

2014 साली ऑफिसच्या कामासाठी न्यूयॉर्कला गेले होते, तेव्हा मोमा संग्रहालयात लिझिया क्लार्क या ब्राझिलियन कलावतीचं मोठं प्रदर्शन चालू होतं. अॅल्युमिनियमचे त्रिकोण, अर्धवर्तुळं, आणि त्यांना जोडणाऱ्या चक्क बिजागऱ्या. 1960 पासून तिने हे केले आणि नाव दिलं 'बिशो', म्हणजे प्राणी, जनावर. तिथे काही प्रतिकृती हाताळायला ठेवल्या होत्या. एक पान उचललं की दुसरं आपोआप वळायचं, आणि एका क्षणी सपाट पडलेलं ते जनावर उठून बसायचं. मी तासभर तिथेच होते. तिच्या सोबत्यांबद्दल वाचताना आमिल्कार द कास्त्रो या शिल्पकाराचं नाव भेटलं. निओ-काँक्रीट या ब्राझिलियन कलाचळवळीच्या 1959 च्या जाहीरनाम्यावर दोघांच्याही सह्या आहेत. क्लार्कने बिजागरी वापरली, आमिल्कारने तीही वापरली नाही. लोखंडाची एक सपाट प्लेट, तीत एक सरळ काप आणि एक घडी. काही जोडायचं नाही, काही काढून टाकायचं नाही.

परत आल्यावर बाबांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून, फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "टाका कुठाय ह्यात?" वेल्डिंगचा टाका. मी म्हटलं, नाहीच आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. बसला असता तर कदाचित आम्ही ब्राझीलला गेलोच नसतो.

या जुलैत गेलो. बाबा आता 72 वर्षांचे आहेत.

जाणाऱ्यांसाठी आधीच सांगते : भारतीयांना ब्राझीलचा व्हिसा लागतो, आणि पीतज्वराची लस अगदी विसरू नका. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र नसेल तर परत आल्यावर आपल्याच विमानतळावरून विलगीकरणात पाठवू शकतात. पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. आम्ही मुंबईहून अदिस अबाबामार्गे साओ पावलोला गेलो. प्रवास लांब आहे, त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

मंगळवार, साओ पावलो

जुलै म्हणजे तिथला हिवाळा. सकाळी स्वेटर, दुपारी बारीक ऊन. विमानात झोप झाली नव्हती, तरी पहिल्याच दिवशी प्रासा दा से या चौकात गेलो. इथे कॅथेड्रल आहे, खाली मेट्रो आहे, आणि मेट्रो झाली तेव्हा, 1970 च्या दशकाच्या अखेरीस, चौकात बऱ्याच ब्राझिलियन शिल्पकारांची कामं उभी केली गेली. त्यात आमिल्कारचं एक आहे.

मला वाटलं होतं, बाबा पोचताच काहीतरी बोलतील. ते आधी एक पूर्ण फेरी मारून आले. मग उलटी फेरी. मग कडेपाशी वाकले आणि कापाच्या टोकाकडे बघत राहिले. चौकात गर्दी होती. बेघर माणसं गोधड्या घेऊन बसली होती, एकजण माइकवर बायबल वाचत होता, कबुतरं होती. गंजाच्या रंगाचं ते लोखंड या सगळ्यात अगदी सहज उभं होतं. कुणी त्याला टेकून बसलं होतं, कुणी त्याच्या सावलीत.

"ह्येच्यावर रंग न्हाई मारला," बाबा म्हणाले.

हे कॉर्टेन पोलाद. त्यात तांबं, क्रोमियम, निकेल यांचा थोडा अंश असतो. त्यामुळे गंजाचा पहिला थर घट्ट बसतो आणि आतल्या लोखंडाला झाकून ठेवतो. आयुष्यभर गंजाशी भांडलेल्या माणसाला गंज स्वतःच राखण करतो हे पाहायला मिळालं. बाबांनी हे नाव ऐकलं होतं, रेल्वेच्या डब्यांच्या कामात ते येतं. पण उघड्यावर इतकी वर्षं काढलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

प्रासा दा सेला दिवसाउजेडी जा, फोन हातात मिरवू नका, सोन्याची वस्तू अंगावर नको. आम्हाला काही त्रास झाला नाही, पण हॉटेलवाल्यांनी दोनदा बजावलं होतं.

बुधवार, बेलो होरिझोंते

विमानाने तासाभरात बेलो होरिझोंते. मिनास झेराइस या राज्याची राजधानी. स्थानिक लोक नुसत्या आद्याक्षरांवर 'बेआगा' म्हणतात. 'मिनास' म्हणजे खाणी. विमानतळ शहरापासून चांगला चाळीस किलोमीटर लांब आहे, आणि त्या रस्त्यावर बाबांनी काच खाली करून हात बाहेर काढला. कडेची माती, झाडांची पानं, ट्रकच्या ताडपत्र्या, सगळं तांबडं.

"डिचोलीच की ही," ते म्हणाले.

ऐंशीच्या दशकात गोव्यात डिचोलीच्या खाणींवर कन्व्हेयरची कामं घेऊन ते महिना-महिना जात. परत आले की त्यांचे कपडे आई वेगळे धुवायची, तरी पाणी तांबडं यायचंच. तेच तांबडं इथे डोंगरभर होतं. शहराच्या दक्षिणेकडच्या या पट्ट्याला भूगर्भशास्त्रात 'लोहचौकोन' असं नाव आहे. क्लार्क याच शहरात जन्मली, 1920 मध्ये. आमिल्कारचा जन्मही 1920 चा आणि याच राज्यातला. लोखंड हा त्याच्यासाठी कलेच्या दुकानातून आणायचा माल नव्हता, पायाखालची जमीन होती. फोटोंतून मला हे कधी कळलं नव्हतं.

दुपारी मर्कादो सेंत्रालमध्ये गेलो. 1929 पासूनचा हा बाजार. आत गल्ल्या, गल्ल्यांत चीज, मिरच्या, पक्षी, टोपल्या, ऊसाची दारू. एका दुकानात पिवळसर तपकिरी चौकोनी ढेपा रचलेल्या दिसल्या आणि बाबा थांबले. रापादुरा. म्हणजे गूळ! दुकानदाराने तुकडा तोडून दिला. कोल्हापूरच्या माणसाने परक्या मुलुखात गूळ चाखताना जसं तोंड करावं तसं बाबांनी केलं. डोळे मिटले, जीभ टाळूला लावली, आणि निकाल दिला, "पाक जरा जास्त गेलाय. पण खोटा न्हाई."

त्याच्याच शेजारी लाकडात कोरलेल्या मोठ्या पराती होत्या. मी बोटाने विचारलं, हे काय? तो म्हणाला, "गामेला."

"घमेलं?" बाबा म्हणाले.

"गामेला," तो म्हणाला.

"घमेलंच!" बाबा माझ्याकडे वळले. दोघंही हसायला लागले, आणि त्या माणसाला का हसतोय हे नीट कळलं नसलं तरी तोही मनापासून हसत होता. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर शब्द सांडून गेले हे माहीत होतं. पाव, चावी, बादली, पगार. पण ज्या वस्तूतून बाबांनी आयुष्यभर लोखंडाचा चुरा उचलला, तिचं नाव इथल्या लाकडी परातीला आहे, ही भेट वेगळीच होती.

खाण्याचं सांगते. बाजारात उभ्याने खायचा पदार्थ म्हणजे कांद्यावर परतलेली कलेजी आणि जिलो. जिलो हे छोट्या हिरव्या वांग्यासारखं, चवीला कडू. कारल्याची सवय असणाऱ्यांना आवडेल. रात्री मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीबरोबर कोंबडी आणि भेंडी एकत्र शिजवलेली आली. भेंडीची तार तशीच ठेवलेली. आई असती तर म्हणाली असती, परतून घेतली नाही का. चव मात्र घरची. शाकाहारी असाल तर वजनावर मिळणाऱ्या जेवणाच्या खानावळी शोधा. ताटात हवं ते वाढून घ्यायचं आणि तराजूवर ठेवायचं. भात, काळ्या घेवड्याची उसळ, बारीक चिरून परतलेली हिरवी भाजी हे रोज मिळतं. उसळीत डुकराचं मांस आहे का ते मात्र विचारून घ्या, बहुतेकदा असतं.

गुरुवार, पांपुल्या

हा दिवस आम्ही तळ्याकाठी घालवला. वास्तुविशारद ऑस्कर निमायरचं 1943 चं सेंट फ्रान्सिसचं चर्च पाहिलं. काँक्रीटच्या पातळ लाटा एकीपुढे एक, मागच्या भिंतीवर पोर्तिनारी या चित्रकाराच्या निळ्या फरशा. चर्चच्या अधिकाऱ्यांना हे रूप पसंत नव्हतं. प्रार्थनेसाठी ते 1959 पर्यंत स्वीकारलं गेलं नाही. बाबा म्हणाले, "पन्हळी पत्र्याचंच तत्त्व. सपाट पत्रा दोन हातांवर झोळ खातो, पन्हळ दिली की माणूस उभा राहतो त्यावर." मग थोड्या वेळाने, "घडी म्हंजे ताकद." हे वाक्य त्यांनी सहज टाकलं आणि बाकावर बसून शहाळं प्यायला लागले. मी ते वहीत लिहून घेतलं.

रस्त्याकडेला गुलाबी इपे फुलले होते, एकही पान नाही, नुसती फुलं. आपल्याकडे विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गावर मार्चमध्ये फुलतात त्या टॅबेबुयाचे हे भाऊबंद.

शुक्रवार, नोव्हा लिमा

आमिल्कारचा स्टुडिओ बेलो होरिझोंतेला लागून, डोंगरापलीकडे नोव्हा लिमात आहे. 2002 मध्ये तो गेला. त्याच्या नावाची संस्था आता तिथे काम सांभाळते. आधी लिहून वेळ घ्यावी लागते. मी महिनाभर आधी मेल केला होता आणि उत्तर आलं होतं, 'किंता-फेइरा', सकाळी दहा. किंता म्हणजे पाचवा. पाचवा दिवस शुक्रवार, असं मी धरलं.

दारात पोचलो तर आमची कुणी वाट पाहत नव्हतं. पोर्तुगीजमध्ये वार रविवारपासून मोजतात. सोमवार हा 'दुसरा', आणि 'पाचवा' म्हणजे गुरुवार. आदल्या दिवशी आम्ही तळ्याकाठी शहाळं पीत होतो तेव्हा इथे कुणीतरी आमच्यासाठी फाटक उघडून बसलं होतं. मला फार वाईट वाटलं. इतक्या लांबून बाबांना आणलं होतं, आणि दुसऱ्याचीही सकाळ वाया घालवली होती. मोडक्या पोर्तुगीजमध्ये मी माफी मागत राहिले.

फाटकावरच्या साठीच्या बाईंनी माझं बोलणं ऐकून घेतलं, बाबांच्या हातांकडे पाहिलं, आणि विचारलं, ते काय करतात? मी 'सेर्‍याल्येरु' असा फोनमध्ये शोधलेला शब्द सांगितला. लोखंडकाम करणारा. त्या आत गेल्या, कुणाला तरी फोन केला, आणि आम्हाला आत घेतलं. आधी कॉफी आली, तिच्याबरोबर पाव द केजू. चीज आणि कसाव्याचं पीठ यांचे गरम गोळे. कॉफी संपल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, अशी इथली रीत दिसली.

आवारात गवतावर लहानमोठी कामं उभी होती. आतापर्यंत आम्ही एकच पाहिलं होतं, इथे शेजारी शेजारी अनेक. तेव्हा लक्षात आलं की हा माणूस तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करत होता, आणि तरी एकही काम दुसऱ्यासारखं नव्हतं. वर्तुळात काप कुठून सुरू झाला, किती खोल गेला, घडीची रेघ कापाला कुठे भेटली, एवढ्यावर सगळं बदलतं. काप कडेपासून आत जाऊन थांबतो. थांबतो म्हणून प्लेट एकसंध राहते. मग कापाच्या एका बाजूचा भाग उचलला जातो, आणि जिथे काही नव्हतं तिथे एक दार तयार होतं. पलीकडचं झाड त्यातून दिसतं. एक पाऊल सरकलं की झाड जातं आणि आभाळ येतं.

दुसरा प्रकारही होता. जाडजूड ठोकळे, ज्यांत नुसता काप आहे, घडी नाही. बाबांना ते कमी आवडले. मला उलट ते फार आवडले. लोखंडाच्या ठोकळ्यातून जाणारी प्रकाशाची सरळ फट, एवढंच. पण बाबांचं म्हणणं, कापणं कुणालाही जमतं, वाकवण्यात माणूस कळतो.

ते का म्हणत होते हे मला ठाऊक आहे. जाड प्लेट वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. घाई केली तर बाहेरून चीर जाते. दाब सोडला की प्लेट थोडी मागे येते, तो हिशोब आधीच धरून जास्त वाकवावं लागतं. आणि अशा आकारात तर घडीची एक बाजू मोकळी, दुसरी बांधलेली, त्यामुळे सगळीकडे सारखा दाब बसत नाही. आमिल्कार आधी कागद, पुठ्ठा, लहान पत्रा यांचे नमुने करायचा आणि मोठं काम कारखान्यांत व्हायचं. बाबा त्या कारखान्यांतल्या माणसांबद्दल विचारत राहिले. प्रेस किती टनाचा, प्लेट तापवायचे का, किती जण लागायचे. बाईंना सगळी उत्तरं देता आली नाहीत, पण कुणी हे विचारतंय याचा त्यांना आनंद झाला होता. जाताना त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला.

या माणसाने कायद्याची पदवी घेतली होती. 1950 च्या दशकाच्या शेवटी त्याने रिओच्या 'जोर्नाल दो ब्राझील' या दैनिकाच्या पानांची रचना बदलली. रकान्यांमधल्या रेघा काढून टाकल्या आणि मोकळ्या पांढऱ्या जागेला काम दिलं. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही रेघांची दाटी म्हणजे काय ते माहीत आहे. हे वाचल्यावर मला त्याची शिल्पं वेगळ्या नजरेने दिसली. कागदावर काय, लोखंडात काय, तो मोकळ्या जागेकडून काम करून घेत होता.

वार लिहिताना तारीखही लिहा आणि समोरच्याकडूनही तारीख मागून घ्या. ही एक टीप मी कळकळीने देते.

शनिवार-रविवार, इन्योतिम

बेलो होरिझोंतेपासून साधारण 60 किलोमीटरवर ब्रुमादिन्यो हे गाव. तिथे इन्योतिम हे उघड्यावरचं प्रचंड कलासंग्रहालय आणि वनस्पतिउद्यान आहे, 2006 पासून लोकांसाठी खुलं. खाणउद्योगात पैसा मिळवलेल्या माणसाने ते उभारलं.

गाव जवळ आलं तसा गाडीचालक गप्प झाला. इथल्या खाणीचा गाळाचा बांध 25 जानेवारी 2019 ला फुटला आणि 270 माणसं गेली. दुपारची जेवणाची वेळ होती, बरेचजण कँटीनमध्ये होते. संग्रहालयाला धक्का लागला नाही, पण तिथे काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या घरातली माणसं त्यात होती. चालकाने तारीख सांगितली, नदीकडे हात केला, बाकी काही नाही. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गाव मागे पडेपर्यंत तशीच ठेवली. पुढचे दोन दिवस लोखंडाचं जे जे पाहिलं त्याच्याबरोबर ती नदीही होती.

'जिगांते दोब्रादा' म्हणजे घडी घातलेला महाकाय. आमिल्कारचं 2001 चं काम, त्याच्या शेवटच्या वर्षांतलं. सकाळचं तिरपं ऊन होतं आणि गवतावर दव. आम्ही दोघंच होतो. बाबांनी हात न लावता कडेशेजारी वीत धरून जाडी पाहिली आणि नुसतं "आई गं" म्हणाले. मग त्यांनी मला पलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं. मी गेले. ते म्हणाले, दिसत नाहीस. मग, थोडी डावीकडे. आता दिसतेस. असं आम्ही किती वेळ केलं कोण जाणे. लहानपणी दाराच्या फटीतून खेळायचो तसं. एका जागी उभं राहिलं की ते जड भिंतीसारखं अंगावर येतं, चार पावलांवर त्याची नुसती कड दिसते, पात्यासारखी.

"टाका न्हाईच गं," ते शेवटी म्हणाले. 11 वर्षांपूर्वीच्या फोटोवरचा प्रश्न त्यांनी तिथे मिटवला. मग गवतावर बसले, आणि जरा वेळाने सांगायला लागले. 1988 मध्ये एका हॉपरचा, म्हणजे माल ओतायच्या मोठ्या नरसाळ्याचा, वेल्ड सुटला होता. कुणाला लागलं नाही, पण त्यानंतर कितीतरी रात्री ते टाके मोजत जागे असायचे. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. आईला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही.

दुपारी क्रिस बर्डन या अमेरिकन कलावंताचं 'बीम ड्रॉप' पाहिलं. 2008 मध्ये क्रेनने 45 मीटर उंचीवरून 71 पोलादी बीम ओल्या काँक्रीटच्या खड्ड्यात सोडले. जसे रुतले तसे उभे. बाबांना तिथे राग आला, खरा राग. माल असा फेकायचा नसतो म्हणाले. मी वाद घातला. मला त्यात बांधकामाच्या आवाजाची आठवण येत होती, पडण्याचा क्षण गोठलेला दिसत होता. आमचं एकमत झालं नाही. संध्याकाळी मात्र तेच म्हणाले, चल, परत एकदा बघू ते पडलेलं.

रविवारी लिझिया पापेच्या दालनात गेलो. हीसुद्धा त्या 1959 च्या जाहीरनाम्यातलीच. पीळ दिल्यासारख्या काँक्रीटच्या इमारतीत काळोख, आणि काळोखात जमिनीपासून छतापर्यंत ताणलेल्या सोनेरी तारा. डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात, तोवर हलू नका. मग प्रकाशाचे खांब उभे दिसायला लागतात, आणि आपण चाललो की काही विझतात, काही उजळतात. तिने तारेने केलं, त्याने प्लेटने.

इन्योतिमला दोन दिवस द्याच. तिकिटं आधी ऑनलाइन काढा, सोमवार-मंगळवार बंद असतं. आत चढउतार आहेत, वयस्कर माणूस बरोबर असेल तर बॅटरीच्या गाड्यांचा वेगळा पास घ्या. जागोजाग उन्मळलेल्या झाडांच्या खोडांतून कोरलेले मोठे बाक आहेत. ह्युगो फ्रान्सा याने केलेले. त्यावर बाबा दोन दुपारी झोपले. पाण्याची बाटली, टोपी, आणि सकाळसाठी जाकीट. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, खोबरेल तेलाची छोटी बाटली फार उपयोगी पडली.

सोमवार-मंगळवार, ओरु प्रेतो

सोमवारी आराम आणि बसने दोन तास. ओरु प्रेतो म्हणजे काळं सोनं. अठराव्या शतकातलं खाणींचं श्रीमंत शहर, 1980 पासून जागतिक वारशाच्या यादीत. गल्ल्या दगडी आणि इतक्या उभ्या की पन्हाळ्याची आठवण यावी. बाबांचे गुडघे दुखत होते, म्हणून मंगळवारी ते चौकात कॉफी घेऊन बसले आणि मी एकटी गिन्यारच्या घरी गेले.

आल्बेर्तो दा व्हेगा गिन्यार हा चित्रकार 1944 मध्ये बेलो होरिझोंतेत शिकवायला आला. आमिल्कार त्याचा विद्यार्थी. गिन्यार पोरांना कडक पेन्सिलीने चित्रं काढायला लावायचा. कडक पेन्सिलीची रेघ पुसता येत नाही, ती कागदात चर पाडून जाते. म्हणून हात ठेवण्याआधी ठरवावं लागतं. आमिल्कार पुढे सांगायचा की त्याची रेघ तिथून आली.

मी येताना पुण्याहून 6 एच पेन्सिल घेऊन गेले होते, मुद्दाम. साओ फ्रान्सिस्को चर्चसमोरच्या पायरीवर बसून समोरच्या छपरांची एक ओळ काढली. वाईट आली. पण कागद तिरपा धरून उन्हात पाहिला तेव्हा शिसं जवळजवळ दिसत नव्हतं आणि चर स्पष्ट दिसत होता, एका कडेला उजेड, दुसऱ्या कडेला सावली. कागदावर नुसती रेघ मारली होती आणि तिला आत-बाहेर आलं होतं. वर्तुळाच्या कडेपासून आत गेलेला तो काप मला तिथे पायरीवर कळला. नोव्हा लिमात कळला नव्हता.

चौकात परत आले तर बाबांनी कागदी रुमालाच्या कडा फाडून, दुमडून टेबलावर सात-आठ उभे केले होते. वेटर एक घेऊन गेला, गल्ल्यावर ठेवायला.

बुधवार, आणि नंतर

परतीचा प्रवास. मुंबईत पिवळं कार्ड खरंच मागितलं. बाहेर धो धो पाऊस.

कोल्हापुरात आल्यावर चौथ्या दिवशी बाबा उद्यमनगरात गेले. शेजारच्या वर्कशॉपवाल्या काकांकडून सहा एमएमच्या प्लेटचे तीन गोल कापून घेतले. पहिल्यात काप ठीक गेला, पण वाकवताना कापाच्या टोकापासून चीर पुढे पळाली. दुसऱ्यात टोकाला बारीक भोक पाडलं, तरी थोडी पळालीच. तिसरा त्यांनी गॅसने तापवून, दोन पोरांना धरायला लावून, संध्याकाळभर हळूहळू घेतला.

तो आता अंगणात तुळशीपलीकडे उभा आहे. साधं लोखंड आहे, कॉर्टेन नाही, त्यामुळे गंज थांबणार नाही. आईच्या फोटोसमोर रोज दिवा लावून झाला की बाबा खिडकीतून पाहतात, पावसाचं पाणी घडीत साचतंय की कापातून वाहून जातंय. कालपर्यंत वाहून जात होतं.